सीमाभागातील शाळा आणि सणांचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य वर्गात गेले. मीही इतिहासाचा शिक्षक. म्हणून आज वर्गातल्याच एका प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडणार आहे. मुलांना जगातील सण कसे शिकवावेत?

बहुतेक शाळांत हा विषय भिंतीवरच्या तक्त्यात संपतो. एका चौकटीत नाताळ, दुसरीत चिनी नववर्ष, तिसरीत दिवाळी. मुले चित्रे चिकटवतात आणि पुढचे पान उलटतात. माझे प्रतिपादन असे की, बेळगाव-निपाणी भागातील मुलाला जगाच्या सणांकडे नेणारी वाट शेजारच्या घरावरून जाते. ते घर वगळले, तर धडा पोकळ राहतो.

आपल्या भागाचे पंचांगच पाहा. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो. कन्नडात त्यालाच ‘कार हुण्णिमे’ म्हणतात. सीमेलगतच्या कोल्हापूरकडील काही गावांतही तो साजरा होतो. आषाढ पौर्णिमेला महाराष्ट्रीय बेंदूर, तर इतरत्र श्रावण अमावास्येला पोळा. बैलाचे सण तीन का, असे मुलाने घरी विचारले, की पाऊसमान आणि पेरणी यांचा विषय निघतो. ज्येष्ठात मृगाची पेरणी तोंडावर असते. श्रावणअखेर अवजड कामे उरकलेली असतात. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो, कन्नड घरी एळ्ळु-बेल्ल देतात, आणि दोहोंकडे मागणे एकच असते, गोड बोलण्याचे. पाडव्याचा कडुनिंब-गूळ आणि उगादीचा बेवु-बेल्ल यांत तर केवळ नावाचे अंतर आहे.

सार्वजनिक उत्सवांचा इतिहास याहूनही बोलका आहे. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला आणि १९०५ मध्ये बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला. बेळगावकर आजही परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती करतात आणि पुढे चित्ररथांची मिरवणूक काढतात. महाराष्ट्र शासन ती १९ फेब्रुवारीला करते, कारण लोकमान्यांनीच १९१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंदलेली आहे. परंपरा आणि पुरावा यांचे नाते समजावण्यास याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

परंतु तिथे थांबू नये. त्या द्वितीयेच्या दुसऱ्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेला, बसवजयंती असते. कन्नड वचनांचे हे कर्ते मंगळवेढ्यातही वावरले, आणि मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे. लागोपाठच्या या दोन तिथी एकाच पाठात शिकवल्या पाहिजेत.

अशा तयारीने मूल जगाकडे वळले, की जग परके वाटत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री बेळगावच्या गल्लीबोळांत मुले गवत भरलेला ‘ओल्ड मॅन’ जाळतात. त्याच रात्री दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात ‘जुने वर्ष’ म्हणून पुतळे जाळतात. मार्चमध्ये दिवसरात्र समान होतात तेव्हा इराणी लोक नवरोज साजरा करतात. आपला पाडवाही त्याच सुमारास येतो. नकाशावरचे दूरचे देश असे ओळखीचे होतात.

आता अवघड भागाकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी एका घरी राज्योत्सवाचा लाल-पिवळा ध्वज लागतो, दुसऱ्या घरी काळा दिवस पाळला जातो. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. शाळेला त्या दिवशी सुट्टी असते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी त्याविषयी बोलत नाही. मग मूल तो धडा रस्त्यावर शिकते. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्याला काळे फासण्यात आले. पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. इंग्रजांशी लढून १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फासावर गेलेला हा वीर आपल्याच मातीतला. हे ज्या मुलाला वर्गात कळले आहे, त्याचा हात त्या पुतळ्यावर उठणार नाही, असा माझा विश्वास आहे.

मी मराठी भाषक आहे. आपल्या मागणीमागचा इतिहास आपल्या मुलांनी जाणावा, असे मला मनापासून वाटते. परंतु शेजारच्या मुलाला त्या दिवशी आनंद का होतो, हेही त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकावे. तक्रार सोडून देण्याची यात गरज नाही. गरज आहे ती दोन्ही बाजू माहीत असण्याची.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक वर्गात दोन्ही भाषांतील एक पंचांग भिंतीवर असावे. मुलांनी दुसऱ्या भाषेच्या घरी जावे. सणाचे नाव, तिथी, पदार्थ, त्यामागचे कारण विचारावे आणि वहीत नोंदवावे. त्या वह्या शाळेने जपून ठेवाव्यात. सीमाभागाचा इतिहास पुढे लिहिणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.