खिशातील विजेचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पायदळाच्या ज्या शिपायावर ‘एससीआर-३००’ हा बिनतारी संच वाहण्याची कामगिरी सोपविलेली असे, त्याच्या पाठीवरील सुमारे ३५ पौंडांच्या ओझ्यातील बराच मोठा हिस्सा एकट्या बॅटरीचा होता. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजे पुढे मोटोरोला या नावाने जगाला परिचित झालेल्या कारखान्याने, घडविलेल्या त्या संचात १८ निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेतील तंतू सतत तापता ठेवावा लागे, आणि त्याखेरीज ९० व १५० व्होल्ट दाबाची निराळी तजवीज करावी लागे ती वेगळीच. शत्रूच्या हालचालीची खबर देणारे दोन शब्द बोलावयाचे असोत, वा तासन्तास नुसते कान लावून बसावयाचे असो, तंतूंचा खर्च अखंड चालू राही. हातात किंवा पाठीवर वागविण्याच्या बिनतारी यंत्रांचा पुढील इतिहास हा मुख्यत्वे या अकारण खर्चाला आळा घालण्याचा इतिहास आहे.

पहिला उपाय डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत सापडला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या ट्रान्झिस्टरला तापणारा तंतू लागत नव्हता. त्यामुळे १९५४ साली बाजारात आलेला ‘रीजन्सी टीआर-१’ हा रेडिओ एका लहानशा बॅटरीवर खिशात वाजू लागला. परंतु ऐकण्याचा खर्च घटला तरी बोलण्याचा खर्च घटत नाही, कारण लहरी दूरवर पोहोचवावयाच्या तर तेवढी ऊर्जा आकाशात सोडावीच लागते. या अडचणीतून सोडविणारी कल्पनाही ट्रान्झिस्टरच्याच महिन्यात, त्याच संस्थेत, डी. एच. रिंग यांच्या एका टिपणात मांडली गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. शहराचे षट्कोनी आकाराचे लहान विभाग पाडावेत व प्रत्येकाला स्वतंत्र केंद्र द्यावे, अशी ती योजना होती. तिचा उद्देश त्याच त्या वारंवारता पुन्हापुन्हा वापरता याव्यात हा होता. परंतु केंद्र जवळ आले म्हणजे हातातील यंत्राला क्षीण आवाजात बोलूनही भागते, हा दुसरा लाभ तिच्या पोटातच होता.

तो लाभ पदरात पडण्यास मात्र बराच अवधी लागला. मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील टेलिफोनवरून संभाषण केले, आणि दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच वंशातील ‘डायनाटॅक’ विक्रीस मान्यता पावला. त्याची किंमत ३,९९५ डॉलर, वजन सुमारे ८०० ग्रॅम. अर्धा तास बोलावे आणि मग जवळजवळ दहा तास बॅटरी भरत ठेवावी, असा त्याचा जमाखर्च होता. बोलताना त्याचा प्रक्षेपक अखंड चाले, आणि कोणी बोलत नसतानाही त्याचा ग्राही अखंड ऐकत राही. युद्धकाळच्या संचाचा तंतू नाहीसा झाला होता, पण त्याची जागरणाची सवय कायम होती.

ही सवय मोडण्याचा मान टेलिफोनापेक्षा कितीतरी साध्या यंत्राकडे, पेजरकडे, जातो. ब्रिटिश टपालखात्याच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या आणि १९८० नंतरच्या वर्षांत जगभर पसरलेल्या ‘पॉक्सॅग’ या संकेतपद्धतीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. केंद्र प्रथम एक-शून्य, एक-शून्य अशी किमान ५७६ चिन्हांची माला पाठवी. सेकंदाला ५१२ चिन्हे या मूळ गतीने तिला सव्वा सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागे. एरवी निजलेला पेजर थोड्याथोड्या वेळाने क्षणभर जागा होऊन ही माला चालू आहे काय, एवढेच पाही. नसेल तर पुन्हा निजे. माला आढळली की तो थांबे, कारण तिच्या मागोमाग संदेशांचे गट येत, आणि प्रत्येक गटात आठ घरे असत. कोणत्या पेजरने कोणत्या घराकडे पाहावयाचे हे त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन द्विमान अंकांवरून ठरलेले असे. बाकीच्या सात घरांच्या वेळी आठवड्याच्या बाजारालाच तालुक्याला जाणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे तो खुशाल घरी राही. विशेष असे की, ते तीन अंक केंद्र कधीच प्रक्षेपित करीत नसे, कारण संदेश कोणत्या वेळी आला यातच ते सांगितले जात. एका पेन्सिल सेलवर पेजर कित्येक आठवडे चाले, याचे रहस्य सेलच्या मसाल्यात नसून या करारात होते.

पुढे युरोपात सिद्ध झालेल्या आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमधील पहिल्या संभाषणाने व्यवहारात आलेल्या जीएसएम पद्धतीने हाच करार टेलिफोनाला लागू केला. फोन स्वस्थ पडलेला असताना त्याने किती वेळाने जागे व्हावे, हे टॉवर ठरवून देई. ही मुदत अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांहून किंचित अधिक इतकी असे. संभाषण चालू असतानाही साडेचार सहस्रांश सेकंदांच्या प्रत्येक आवर्तनाचे आठ भाग केलेले असत आणि फोन त्यांपैकी एकाच भागात प्रक्षेपण करी. त्यातही, दोन माणसे बोलत असता एक बोलतो तेव्हा दुसरा बहुधा ऐकत असतो, हे जाणून ऐकणाऱ्याचा प्रक्षेपक बंद ठेवण्याची सोय केलेली होती. परंतु पूर्ण निःशब्दता कानी पडली तर संबंध तुटला असे माणसाला वाटते. म्हणून समोरच्या फोनमध्ये पार्श्वभूमीचा मंद कृत्रिम आवाज निर्माण करण्याचीही व्यवस्था झाली. आणि किती जोराने बोलावे याचा हुकूमही टॉवरच देई: २ वॉटच्या कमाल मर्यादेपासून फोन एकेक पायरी खाली उतरे, आणि प्रत्येक पायरीला सुमारे ३७ टक्के शक्ती वाचे.

निकेल-कॅडमियमच्या जागी आलेली, १९९१ मध्ये सोनीने प्रथम बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी हे या काळाचे मोठे वरदान खरे, आणि गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना तिच्यासाठी २०१९ साली नोबेल पारितोषिकही लाभले. परंतु रसायनाने विजेची कोठी वाढविली. त्या कोठीतील धान्य पुरविण्याची शिस्त शिकविली ती संकेतपद्धतीच्या रचनाकारांनी, ज्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाइल संभाषण केले, आणि त्याच सुमारास मुंबईत पेजर कमरपट्ट्यावर मिरवू लागले. पुढे जेव्हा मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचला, तेव्हा महाराष्ट्राचा ग्रामीण भाग भारनियमनाने गांजलेला होता. वीज येण्याची वेळ साधून फोन चार्जिंगला लावणाऱ्या घराला, एकदा भरलेली बॅटरी चार दिवस पुरते याचे मोल शहरी माणसाहून अधिक कळत होते. २००३ साली आलेला, विजेरी अंगी बाळगणारा ‘नोकिया ११००’ तेथे घरोघर दिसला, तो बॅटरी टिकण्याच्या या गुणामुळेही. उलट सह्याद्रीच्या घाटातून उतरताना बॅटरी झपाट्याने उतरते, हा सर्वांचा अनुभव आहे. कारण टॉवर दूर गेल्यावर फोनला कमाल शक्तीने बोलावे लागते, आणि टॉवर मुळीच न सापडल्यास तो निजण्याचे सोडून शोध घेत बसतो. अशा प्रवासात फोन विमान-स्थितीत ठेवावा, हा उपाय साधा पण शास्त्रशुद्ध आहे.

आजच्या फोनची बॅटरी पूर्वीच्या कित्येक पट मोठी असूनही तो रोज संध्याकाळी धापा टाकतो. याला मोठा, उजळ पडदा कारण आहेच. पण शेकडो ॲप्स आपापल्या सवडीने त्याला उठवितात, हेही तितकेच मोठे कारण आहे. हे ओळखूनच अँड्रॉइडने २०१५ मध्ये, न वापरलेल्या फोनवरील ॲप्सची कामे एकत्र करून मधूनमधून नेमलेल्या वेळी उरकण्याची पद्धत आणली; म्हणजे पेजरच्या रचनाकारांनी घालून दिलेला नियमच पुन्हा अमलात आला. म्हणून नवा फोन घेताना त्याची बॅटरी किती मिलिअँपिअर-तासांची आहे एवढेच विचारून थांबू नये, आणि घेतल्यावर ज्या ॲप्सना आपल्याला पदोपदी सूचना देण्याचे काही कारण नाही, त्यांची ती परवानगी काढून घ्यावी. विजेची बचत मोठ्या साठ्यापेक्षा नेमलेल्या वेळी जागे होण्यात अधिक आहे.