गार्सिया द ओर्ता : गोव्यांतील वनस्पतिशोधक

हिंदुस्थानांतील मिरीं, आलें, वेलदोडे युरोपच्या बाजारांत शतकानुशतकें विकले जात होते. परंतु ते कोणत्या भूमींत व कशा रीतीनें उत्पन्न होतात याविषयींचें तेथील पंडितांचें ज्ञान बहुतांशीं प्राचीन ग्रंथांतील ऐकीव वर्णनांवर आधारलेलें होतें. त्या वर्णनांची प्रत्यक्ष पाहून पारख करणारा पोर्तुगीज वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता होय.

सन १५०१ च्या सुमारास पोर्तुगालांतील कास्तेलु द व्हीद गांवीं त्याचा जन्म झाला. त्याचे आईबाप १४९२ सालीं स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुदी लोकांपैकीं होते. पुढें १४९७ सालीं पोर्तुगालांतही त्या समाजावर सक्तीनें ख्रिस्ती धर्म लादण्यांत आला. ओर्ता सालामांका व आल्काला येथें शिकला, लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापक झाला, आणि १५३४ सालीं गोव्यास येऊन मरेपर्यंत तेथेंच राहिला.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचा राबता होता. तेथें हकीम भेटत. गोव्यांत मालुपा नांवाच्या हिंदु वैद्याशीं चर्चा होई. मुंबई बेट त्याला खंडानें मिळालें होतें, आणि तेथील वर्षांतून दोनदां फळणाऱ्या आंब्याची नोंद त्यानें कौतुकानें केली आहे.

१० एप्रिल १५६३ रोजीं त्याचा ग्रंथ गोव्यांत छापून निघाला. छापखाना गोव्यांत येऊन तेव्हां अवघीं सात वर्षें झालीं होतीं. ग्रंथ लॅटिनमध्यें नसून पोर्तुगीज भाषेंत व संवादरूप आहे. रुआनु हा कल्पित विद्वान प्राचीन आचार्यांचीं वचनें पुढें करतो. ओर्ता स्वतः पाहिलेली वस्तु त्याच्यापुढें ठेवतो. आपण स्पेनमध्यें असतों तर गॅलेनविरुद्ध बोलण्यास धजलों नसतों, अशी कबुलीही तो देतो. त्यांत पटकीचें प्रत्यक्ष रोगी पाहून केलेलें वर्णन आहे, आणि त्या रोगाचें त्यानें दिलेलें देशी नांव म्हणजे मराठींतील 'मोडशी' हेंच होय. महाकवि कामोंइश याची पहिली छापील कविताही याच ग्रंथांत आहे.

ग्रंथांत निर्भय असलेल्या या पुरुषाच्या घरावर मात्र धर्मशंकेची छाया होती. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झालें. १५६८ सालीं ओर्ता निवर्तला. दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं त्याचींही हाडें उकरून जाळण्यांत आलीं.

परंतु तत्पूर्वींच, १५६७ सालीं, क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्प येथें प्रसिद्ध केला होता. न्यायासनाच्या हातीं अस्थि लागल्या. ग्रंथ युरोपांतील वैद्यांच्या हातीं केव्हांच पोंचला होता. पणजींतील नगरोद्यान आज त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.