सात पैशांचा मालक

आषाढात आमच्या वाडीत ‘सकाळ’चा अंक कोरडा मिळाला, तर तो दिवस भाग्याचा. भोर आणि वेल्हे यांच्या हद्दीवरची ही वाडी. पुण्याहून निघालेला गठ्ठा नसरापूरपर्यंत एसटीने यायचा आणि पुढे बाजाराहून परतणाऱ्या कुणाच्या तरी घोंगडीखाली. आजोबा तो अंक चुलीपासून हातभर लांब दोरीवर टाकत. जवळ टाकला तर घडीवर तडकायचा, लांब टाकला तर संध्याकाळपर्यंत वाळायचा नाही. वाळताना त्याला ओल्या लाकडाचा वास यायचा.

तो वास खराच लाकडाचा होता, हे पुष्कळ वर्षांनी समजलं. वर्तमानपत्राचा कागद म्हणजे दळलेल्या लाकडाचा लगदा. त्यातलं लिग्निन काढून टाकलेलं नसतं, म्हणून चार दिवस ऊन लागलं की तो पिवळा पडतो. पण ते लाकूड आमच्या डोंगरातलं नव्हतं. ते कॅनडाचं, स्कँडिनेव्हियाचं, नाहीतर सोव्हिएत रशियाचं असायचं. म्हणून ‘सकाळ’ची वाटचाल सांगायला बसलो की मला आधी अग्रलेख आठवत नाहीत, कागद आठवतो.

१ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. तथा नानासाहेब परुळेकर यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. नानासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. पुण्याची पत्रकारिता तोवर विचारांची आणि पुढाऱ्यांची होती. त्यांनी तिला बातमीकडे आणि सामान्य वाचकाकडे वळवलं. मंडईतले भाव, गावोगावची पत्रं, पावसाची खबर या गोष्टींना पानात हक्काची जागा मिळाली.

तेव्हा आमचा मुलूख पुणे जिल्ह्यात नव्हता. तो भोर संस्थानात होता, पंतसचिव घराण्याच्या राज्यात. संस्थानच्या तालुक्यांना गडांची नावं होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड. शिवापूरच्या पुढे येताना माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यायचा आणि इथे शेवटचा शब्द राजाचा असायचा. इंग्रजी मुलखातही लोकशाही नव्हती, पण तिथे छापखाना होता, वकील होते आणि कोर्टात उभं राहायला जागा होती. त्यामुळे संस्थानी कारभाराबद्दल लिहायचं ते पुण्या-मुंबईत.

त्याचीही किंमत मोजावी लागे. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १९२२ मध्ये संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या मजकुराला शिक्षा करणारं विधेयक आलं. मध्यवर्ती कायदेमंडळाने ते दाखल करून घ्यायलाच नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी स्वतःच्या अधिकारात ते कायदा म्हणून लागू केलं. १९३४ मध्ये आणखी एक संस्थान संरक्षण कायदा आला. ‘सकाळ’ तेव्हा दोन वर्षांचा होता.

८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला एसटी धावू लागली. पुढे तीच एसटी आमच्या भागात वर्तमानपत्राचे गठ्ठे आणू लागली. माझ्या लेखी स्वातंत्र्याची ही फार ठोस खूण आहे.

स्वतंत्र देशापुढे नवा प्रश्न आला तो मालकीचा. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाला १९५४ मध्ये चिंता वाटली ती मोठ्या भांडवलाच्या पत्रांची. जाहिरातींच्या बळावर थोड्या पैशांत पुष्कळ पानं देऊन ती छोट्या पत्रांना मारतील, ही भीती खोटी नव्हती. आयोगाने उपाय सुचवला की किमतीप्रमाणे पानांची संख्या ठरवून द्यावी. १९५६ मध्ये तसा कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. १९५५ मध्येच मंत्रिमंडळाने परदेशी मालकीच्या वर्तमानपत्रांना भारतात मज्जाव करणारा ठराव केला होता. हेतू दोन्हींमागे एकच होता, पत्र कुणा धनिकाच्या किंवा परक्याच्या हाती जाऊ नये.

पण १९६० चा आदेश येऊन आदळला तो ‘सकाळ’सारख्या जिल्ह्याच्या पत्रावर. तेव्हा ‘सकाळ’चा रोजचा खप ५२ हजार आणि रविवारचा ५६ हजार होता. रोजचा अंक ७ नव्या पैशांना, रविवारचा १२ पैशांना. रविवार सोडून आठवड्याला ३४ पानं निघत. आदेशाप्रमाणे ७ पैशांत २४ पानांवर थांबावं लागणार होतं, नाहीतर ३४ पानांसाठी ८ पैसे घ्यावे लागणार होते. पत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्राबरोबर दोन वाचकही अर्जदार म्हणून उभे राहिले.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी न्या. ज. रा. मुधोळकर यांनी पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या वतीने निकाल दिला आणि तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरले. न्यायालयाचा विचार सरळ होता. किंमत वाढवली की खप घटतो, पानं घटवली की मजकूर घटतो. दोन्हीकडून घाव बसतो तो बोलण्याच्या स्वातंत्र्यावर. व्यापारावर लोकहितासाठी बंधनं घालता येतात, पण व्यापाराच्या नावाने भाषणस्वातंत्र्य आखडता येत नाही. त्यावर कोणती बंधनं चालतील ते घटनेच्या कलम १९(२) मध्ये दिलं आहे आणि सरकारने सांगितलेलं कारण त्यात बसत नाही.

एका पैशासाठी एवढं का, असं पुण्यात बसून कुणाला वाटेल. आमच्या वाडीत चार घरं मिळून एक अंक घेत. प्रत्येक घराचे पावणेदोन पैसे. महिनाअखेर आजोबा वहीत हिशोब मांडून वर्गणी गोळा करत. भात विकून हाती येणाऱ्या पैशांत रोजचा एक पैसाही मोजावा लागायचा. त्या चार घरांतलं एक जरी गळलं असतं, तरी बाकीच्या तिघांचा अंक बंद पडला असता. खप घटणं म्हणजे काय, ते मी त्या वहीत पाहिलं आहे.

त्याच काळात दुसरा एक कागदही घरात यायचा. सोव्हिएत सरकारने भारतीय भाषांतून काढलेल्या नियतकालिकांची गुळगुळीत रंगीत पानं. पुस्तकांना कव्हरं घालायला आम्ही ती जपून ठेवत असू. किंमत अगदी थोडी आणि पानं हवी तेवढी. खर्च एक सरकार करत होतं आणि म्हणून त्यात त्या सरकारविरुद्ध एक ओळही नसायची. ‘सकाळ’ पातळ होता, पिवळा पडायचा, पण त्याचे पैसे आम्ही देत होतो. दोन कागदांमधला हा फरक मला तेव्हा हाताला जाणवायचा, आता अर्थ कळतो.

त्याच देशाशी आपला रुपयांत व्यापार होता आणि त्या व्यापारातून न्यूजप्रिंटची रिळंही येत. जिथे स्वतंत्र वर्तमानपत्र निघू शकत नव्हतं, तिथलं लाकूड आपल्या स्वतंत्र वर्तमानपत्रांचा कागद झालं. त्यात मला गैर काही वाटत नाही. विकणारा मजकूर ठरवत नव्हता. धोका आपल्याच घरात होता, कारण आयात सरकारच्या हाती आणि वाटप कोट्याने. १९७२ मध्ये पानांवर पुन्हा दहाची मर्यादा आली. बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, तेव्हा ‘सकाळ’चाच निकाल पायाला होता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि मजकुरावर छपाईपूर्व सेन्सॉरशिप बसली. त्या काळात वर्तमानपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी करून सरकारी जाहिराती वाटल्या गेल्या, हे १९७७ च्या श्वेतपत्रिकेत नोंदलेलं आहे. लोकशाहीतलं सरकारही कागद आणि जाहिरात हातात धरून हुकूमशहासारखं वागू शकतं, हे त्या २१ महिन्यांनी दाखवलं.

नानासाहेब १९७३ मध्ये गेले. १९८५ मध्ये ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे आला. शेअरांच्या हस्तांतरावरून नानासाहेबांच्या कन्या क्लॉड-लीला परुळेकर यांनी चालवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये त्यावर निकाल झाला. नव्या काळात आवृत्त्या वाढल्या, यंत्रं बदलली, तालुक्याच्या बातमीला वेगळी पानं मिळाली. पण सत्तेच्या राजकारणात मोठं स्थान असलेल्या घराण्याकडे पत्राची मालकी असेल, तर वाचकाने अधिक डोळसपणे वाचलं पाहिजे. हे मी ‘सकाळ’चा वाचक म्हणून, त्याच्यावरच्या मायेनेच म्हणतो आणि महाराष्ट्रातल्या इतर पत्रांनाही ते लागू आहे.

१९५५ चा परदेशी मालकीचा मज्जाव २००२ मध्ये सैल झाला. वृत्तपत्रांत २६ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला वाट मिळाली. २०२० मध्ये सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली. चीनचा पैसा कुठे शिरतो, याची ती काळजी होती. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि निर्बंध व जहाजभाडं यांमुळे न्यूजप्रिंट महागलं. दूरच्या एका हुकूमशहाने रणगाडे हलवले आणि इथल्या पत्रांना पानांचा हिशोब पुन्हा करावा लागला. १९६१ चा तोच प्रश्न, पानं कमी करायची की किंमत वाढवायची.

आता मोबाइलवर बातमी फुकट मिळते. किंमत काही नाही आणि पानं हवी तेवढी. हे वाक्य मनात आलं की मला ती गुळगुळीत कव्हरं आठवतात. खर्च कोण करतंय, हे विचारायला आपण विसरलो आहोत.

सर्वोच्च न्यायालयात गेलेले ते दोन वाचक मला फार मोठे वाटतात. त्यांच्याकडे शेअर नव्हते, छापखाना नव्हता. अंकाचे सात पैसे ते रोज देत होते आणि तेवढ्यावर त्यांनी पत्राच्या स्वातंत्र्यात आपला वाटा मागितला. आजोबांची वही अजून आमच्या घरात आहे. तिच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. चार नावं, चार आकडे आणि प्रत्येक महिन्याखाली एकच शब्द: पोचले.