सामुदायिक औषधनिर्माता

सामुदायिक औषधनिर्माता (फार्मासिस्ट) म्हणजे वस्तीतील औषधांच्या दुकानातून रुग्णांना औषधे व त्यांविषयी सल्ला देणारा नोंदणीकृत व्यावसायिक होय. भारतात फार्मसी अधिनियम, १९४८ मधील कलम ४२ नुसार, डॉक्टर स्वतःच्या रुग्णांना औषध देतात तो अपवाद वगळता, चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार केवळ त्यालाच आहे. औषधाची मात्रा, वेळ व दुष्परिणाम समजावून सांगणे हे त्याचे प्रमुख काम होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीस निव्वळ खोकल्याचे औषध न देता क्षयरोगाच्या तपासणीस पाठविल्यास निदान लवकर होते. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे.