सशाचे गर्भ आणि वृषणातले दोन निरोप

गाईला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड, तर ती कालवड बहुधा गाभण राहत नाही. गुरं पाळणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अशा कालवडीचे अंडाशय खुरटलेले असतात, गर्भाशय धड बनलेलं नसतं. शिकागोच्या फ्रँक लिली यांनी कत्तलखान्यातून असे जुळे गर्भ मिळवून तपासले. दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. खोंडाच्या वृषणातून काहीतरी रक्तात उतरतं आणि बहिणीच्या अवयवांची घडण बदलतं, असा तर्क त्यांनी १९१६-१७ मध्ये मांडला.

तर्क पटण्यासारखा होता. पण वृषणच नसेल तर नराचं काय होईल, हे कुणी पाहिलं होतं?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक गर्भात सुरुवातीला नलिकांच्या दोन जोड्या असतात. वुल्फ नलिकांपासून शुक्रवाहिन्या बनतात, तर म्युलर नलिकांपासून गर्भाशय आणि अंडवाहिन्या. पुढे एक जोडी वाढते, दुसरी विरून जाते.

पॅरिसच्या आल्फ्रेड जोस्त यांनी गाभण सशिणीचं पोट उघडून, गर्भाशयातल्या पिल्लाचे जेमतेम दिसणारे वृषण काढले आणि पोट पुन्हा शिवलं. हाताचं कसब काय असेल, कल्पना करा! १९४७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. एकोणिसाव्या दिवशी वृषण काढलेल्या नर गर्भात गर्भाशय आणि अंडवाहिन्या तयार झाल्या, बाह्य अवयवही मादीचेच. चोविसाव्या दिवशी शस्त्रक्रिया केली तर मात्र फारसा फरक पडत नसे; घडण तोवर ठरून गेलेली असे. अंडाशय काढलेल्या मादीत नलिकांची वाट बदललीच नाही.

मग जोस्त यांनी वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक ठेवून पाहिला. वुल्फ नलिका टिकल्या. पण म्युलर नलिकाही तशाच राहिल्या! मला या सगळ्या प्रयोगांत हाच सर्वांत मोलाचा वाटतो. नराचं प्रसिद्ध संप्रेरक अर्धंच काम करत होतं. उरलेल्या कामासाठी वृषणातून दुसरा पदार्थ यायला हवा, असं जोस्त म्हणाले. त्या म्युलर-रोधी संप्रेरकाचे गाय आणि माणूस यांच्यातले जनुक १९८६ मध्ये वेगळे काढता आले. लिलींच्या कालवडीचं गर्भाशय नाहीसं करणारा पदार्थ मुख्यतः हाच.

पाठ्यपुस्तकांनी मात्र यातून ‘मादी काय, आपोआप घडते’ एवढंच उचललं. अंडाशयाची गरज नाही म्हणजे काहीच घडत नाही, असं कुठे सिद्ध झालं होतं? २०१७ मध्ये उंदरांच्या मादी गर्भात कूप-टीएफ-दोन नावाचं प्रथिन बनू दिलं नाही, तेव्हा टेस्टोस्टेरॉनच्या मदतीशिवायच त्यांच्या वुल्फ नलिका टिकून राहिल्या. म्हणजे मादीतही त्या आपोआप विरत नाहीत, त्यांना विरवलं जातं.