देवळालीचा ताप

डूलाली हा ब्रिटिश बोलीतला शब्द. डोके फिरल्यासारखे वागणाऱ्या माणसाला इंग्लंडात 'तो डूलाली झालाय' असे म्हणतात. ही शिवी नव्हे. मराठीत 'सरकलाय' म्हणतात, त्याच जातीचा हा निम्मा चेष्टेचा शेरा. शब्दाचे मूळ मात्र नाशिकजवळच्या देवळालीत आहे. 'ळ' इंग्रजांच्या जिभेला पेलला नाही आणि 'देव'चा 'डू' झाला.

देवळालीची छावणी 1861 सालची. मुंबईहून लोहमार्गाने कसारा घाट चढून आले की हे गाव लागते. हवा कोरडी आणि निरोगी. मुंबईकर पुढे हवापालटासाठी इथेच बंगले बांधू लागले. वेडाला अशा गावाचे नाव पडावे, हा तसा अन्यायच. विलायतेहून आलेल्या गोऱ्या पलटणी इथे उतरत आणि मग देशभर विखुरत. मुदत भरलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच थांबत.

शब्द घडला तो या थांबण्यातून. सैनिकांची ने-आण मुख्यतः थंडीच्या हंगामात होई. त्यासाठी 1866-67च्या सुमारास पाच जहाजे मुद्दाम बांधली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. हंगामाचे शेवटचे जहाज सुटल्यावर मुदत संपलेल्या शिपायाला उन्हाळा आणि पावसाळा हिंदुस्थानातच काढावा लागे. हंगाम आला तरी आधी छावणी, मग जहाज.

फ्रँक रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. 'ओल्ड सोल्जर साहिब' या 1936च्या आठवणींत त्याने देवळालीच्या या दिवसांचे वर्णन केले आहे. मुदत भरलेल्यांजवळ ना बंदूक, ना इतर सरंजाम. मधूनच सामानाची तपासणी, कधी एखादी लांब कवायती चाल, बाकी दिवस रिकामा. वर्षानुवर्षे नेक वागलेले शिपाई इथे भलतेच काही करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काहींना गुप्तरोग जडून इस्पितळ गाठावे लागे. विचित्र वागणाऱ्याला 'डूलाली टॅप' झाला म्हणण्याची रीत या कंटाळ्यातून निघाली असावी, असे रिचर्ड्सचे मत. देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असेही सांगतात. पण ही छावणी जवळून जाणणाऱ्या शिपायाचे म्हणणे अधिक पटते. शिवाय हिंदुस्थानातून मायदेशी धाडलेल्या मनोरुग्ण सैनिकांसाठी इंग्लंडात नेटली येथे 1870पासून वेगळी इमारतच होती.

राहिला 'टॅप'. इंग्रजी वाचकाला त्यात डोक्यावर मारलेली टिचकी ऐकू येते. प्रत्यक्षात तो हिंदुस्थानीतला तप, म्हणजे आपला ताप. ताप अंगाला येतो तसा डोक्यालाही होतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. 'डूलाली टॅप' म्हणजे सरळसरळ देवळालीचा ताप. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या 1925च्या सैनिकी शब्दकोशात तो जोडशब्दाच्याच रूपात आहे. पुढे पलटणीबाहेरच्या लोकांच्या तोंडी 'टॅप' गळून पडला. तापाचे नाव गेले, गावाचे उरले आणि त्याचाच अर्थ वेडा असा झाला.

दुसऱ्या महायुद्धात छावणी पुन्हा गोऱ्या सैनिकांनी भरली. तोफखान्याच्या तिथल्या तळावर शिपायांची करमणूक करणाऱ्या कलापथकात जिमी पेरी हा तरुण होता. त्याने डेव्हिड क्रॉफ्टच्या जोडीने लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका बीबीसीवर 1974 ते 1981 चालली. तिचे सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात.

देवळालीत आता भारतीय लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. इंग्रजीत गावांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात. डूलाली मात्र कोशांत लहान अक्षराने, साध्या विशेषणासारखा छापतात.