पहारेकऱ्यांचे म्हातारपण

परळला हाफकिन संस्थेवरून जाताना आमच्या मनात पुष्कळदा येते, की 1897 साली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणाऱ्या हाफकिनचे नाव तरी मुंबईला ठाऊक आहे. त्यांचे गुरू मात्र आपणांस अपरिचितच राहिले. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिनना प्राणिशास्त्र शिकविले मेचनिकोव्ह ह्यांनी. ह्या गृहस्थांनी 1882 साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती हिंडत्या पेशींचा गराडा! ह्या भक्षक पेशी शरीराच्या पहारेकरी होत, असे त्यांनी सांगितले. 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना एर्लिखबरोबर विभागून मिळाले.

1903 साली त्यांनी म्हातारपणाविषयी मोठा धाडसी विचार मांडला. उतारवयात हेच पहारेकरी घरच्यांवर उलटतात, मेंदूच्या पेशी खातात, केसांतला रंगही खातात, आणि ह्याचे मूळ मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषात आहे! उपाय म्हणून ते आंबवलेले दूध नेमाने पीत. (आमच्या घरी ताक रोजचेच, शंभरी कोणी गाठली नाही.) 1916 साली, 71 व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले. केसांची गोष्ट पुढे चुकीची ठरली.

परंतु पहारेकरी बदलतात, हे खरे निघाले. 1961 साली लंडनमध्ये जॅक मिलर ह्यांनी नवजात उंदरांच्या छातीतील थायमस ग्रंथी काढली. ते उंदीर रोगांना सहज बळी पडू लागले. तोवर ही ग्रंथी निरुपयोगी समजत. टी-पेशी तेथेच तयार होतात, आणि ग्रंथी मात्र लहानपणापासूनच आक्रसू लागते. नवी भरती बंद, जुन्यांवरच काम, हा प्रकार कामगारांना वेगळा सांगावयास नको! जुन्या पेशी जुना शत्रू ओळखतात. नवा जंतू आला की माणसे कमी पडतात. 2020 च्या कोविडमध्ये वृद्ध अधिक दगावले, त्याचे हे एक कारण.

दुसरीकडे, शत्रू नसतानाही मंद दाह धुमसत राहतो. इटलीच्या फ्रान्चेस्की ह्यांनी 2000 साली त्याला नाव दिले. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी गिळून फुगलेल्या भक्षक पेशी साचतात, त्यांना हा दाह खतपाणी घालतो.

दबलेला क्षयही अशा वेळी डोके वर काढतो. आमच्या एका निवृत्त सोबत्याला सत्तरीत खोकला लागला. दवाखान्यात म्हणाले, “काका, वय झाले, चालायचेच.” थुंकी तपासायला तीन महिने गेले.